आई, तो डाग तुझ्या बादलीमुळे पडला नव्हता

लेस्टर, रविवार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आई लगेच विषय बदलते, म्हणून लिहायला बसले.

गेल्या खेपेला तुम्ही इथे असताना स्वयंपाकघराच्या छतावर डाग पडला. आई, तू स्टुलावर बसून तांब्याने अंघोळ करतेस म्हणूनच पाणी खाली उतरलं, असं तू तेव्हाच मनाशी धरलंस. मग परत जाईपर्यंत रोज अर्ध्या बादलीत उरकलंस. दिवाळीच्या फोनवरही म्हणालीस, "तुमचं घर खराब करून आले." मागच्या महिन्यात आम्ही ती अंघोळीची जागा पार उचकटली. आत काय निघालं ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि तुझा त्यात काडीचाही दोष नाही.

बाबा, तुम्हाला नीट सांगते, म्हणजे तुम्ही तिला पटवाल. इथे वरच्या मजल्याला स्लॅब नाही. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि खालून प्लास्टरबोर्डचं, म्हणजे दोन कागदांमधल्या जिप्समच्या फळ्यांचं, छत. कोबा नाही, जमिनीतून पाणी जायचा नहाणी ट्रॅप नाही. एका कोपऱ्यात उथळ परातीसारखा शॉवरचा ट्रे, त्यातच काय ते पाणी पडायचं. आमच्या आधीच्या मालकांच्या वेळी ज्याने तो बसवला, त्याने खाली वाळू-सिमेंटचा माल पसरलाच नव्हता, चार-पाच ठिकाणी नुसते गोळे ठेवले होते. मधे सगळं पोकळ. कुणीही उभं राहिलं की ट्रे केसभर लवायचा, आणि भिंतीकडची फट बुजवणारं सिलिकॉन थोडं थोडं सुटत गेलं. त्यात टाइल्स साध्या प्लास्टरबोर्डवर चिकटवलेल्या. टाइल्समधल्या फटींत भरलेलं ग्राउट पाणी अडवत नाही, ते झिरपतंच. बोर्ड हाताने तुटत होता, मागचा कागद काळा पडलेला. हे वर्षानुवर्षांचं मुरणं आहे, आई. आम्ही चौघं रोज त्याच शॉवरखाली उभे राहत होतो. डाग दिसायला आणि तुम्ही यायला एकच गाठ पडली, एवढंच.

नवीन काम तुमच्या जावयाने आणि मी मिळून केलं. कुजलेल्या फळ्या काढून 18 मिलिमीटरचं प्लाय स्क्रूने आवळलं. पाच भाग वाळू, एक भाग सिमेंट, मुठीत लाडू वळेल इतपतच ओलं, असा माल सगळीकडे सारखा पसरला आणि ट्रे त्यावर दाबून बसवला. पाणसळ चारही कडांवर फिरवली. उतार ट्रेच्या पोटातच असतो, कडा मात्र समपातळीत हव्यात. खालचा 40 मिलिमीटरचा पाइप तुळयांच्या मधून नेला, मीटरला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त ढाळ देऊन. तुळई कापली असती तर ट्रे जमिनीसरसा बसला असता, पण घर ज्यावर उभं आहे त्याला हात लावायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आता चढायला जेमतेम दोन बोटं आहे, आई. तुझ्या गुडघ्याला जड जाणार नाही.

भिंतींवर या वेळी सिमेंटचा बोर्ड लावला. कोपऱ्यांत आणि सांध्यांत पट्टी, मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. ट्रेच्या कडेला चिकटून भिंतीवर चढणारी रबरासारखी पट्टी आधी लावली आणि टाइल्स तिच्यावरून खाली आणल्या. त्यामुळे उद्या सिलिकॉन फाटलं तरी पाणी पट्टीवरून ट्रेमध्येच परत येईल. मला सगळ्यात महत्त्वाची हीच पट्टी वाटते, आणि ती आता कुणाला दिसणारही नाही. सिलिकॉन भरताना ट्रेमध्ये तांदळाच्या गोण्या आणि भरलेल्या बादल्या ठेवल्या, एक दिवस तशाच राहू दिल्या. वजनाखाली फट जेवढी उघडायची तेवढी उघडते, आणि सिलिकॉन त्या मापाने सुकतं.

बाबा, डोंबिवलीच्या घरात कोबा झाल्यावर तुम्ही मोरीचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं होतंत. मी आठवीत होते. खालच्या काकूंच्या घरी जाऊन तुम्ही छत तपासत होतात आणि टॉर्च माझ्या हातात होता. गवंडी कुरकुरत होता, तरी तुम्ही एक तासही कमी केला नाहीत. मीही बूच लावून ट्रे भरला, पेन्सिलने खूण केली. रात्रभरात पाणी खुणेवरून हललं नाही. मग अर्धा तास भिंतीवर शॉवर सोडला आणि खाली येऊन तुळयांना हात लावून पाहिला. कोरड्या ठणठणीत.

ट्रे 1200 बाय 800 मिलिमीटरचा घेतलाय, स्टूल आणि बादली दोन्ही ऐसपैस मावतात. धरायला दांडी लावली आहे, तिच्यामागे भिंतीत लाकडाचा आधार दिलाय, निर्धास्त भार टाक.

स्वयंपाकघराचं छत मात्र मी अजून बंद केलेलं नाही. उन्हाळ्यात या. आईने वर दोन बादल्या भरून अंघोळ करायची, बाबांनी खाली टॉर्च घेऊन उभं राहायचं. त्यानंतरच बोर्ड लावायचा, असं मी घरात सांगून ठेवलंय.

तुमची लेक