कंपाउंडिंगपूर्वी शेजाऱ्यालाही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेकडे एकच खिडकी. लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे 41 वर्षं, सकाळी साडेसातचं ऊन त्या खिडकीतून थेट ओट्यावर यायचं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या घराचे तीन मजले उभे राहिले. मंजूर नकाशात आमच्या बाजूला एमओएस, म्हणजे मोकळी जागा सोडलेली होती. तो नकाशा मी स्वतः पाहिला आहे. आज तिथे जिना आहे. खिडकीतून हात बाहेर काढला की बोटं त्याच्या प्लास्टरला लागतात. भर दुपारी दिवा लावून पोळ्या लाटते.

तक्रार घेऊन गेले, तर उत्तर मिळालं, "कंपाउंडिंग झालंय, काकू." म्हणजे शुल्क भरलं आणि मंजुरीबाहेरचं बांधकाम नियमित झालं. उजेड गेला आमचा आणि आम्हाला साधा कागदही आला नाही.

मध्यप्रदेशात कडेने किती जागा सोडायची, एफएआर, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात एकूण बांधकाम किती, हे राज्याच्या भूमी विकास नियम 2012 प्रमाणे ठरतं. ते भोपाळनेच ठरवावं, याला माझी हरकत नाही. प्रत्येक शहराने सोयीचे नियम केले असते तर आणखी गोंधळ झाला असता. पण राज्यानेच 2021 मध्ये कंपाउंडिंगची मर्यादा 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेली. एवढी सूट द्यायची, तर ती कुणाच्या खिडकीवर येते हेही राज्यानेच पाहायला हवं. मास्टर प्लॅनचा मसुदा निघतो तेव्हा 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाप्रमाणे लोकांच्या हरकती मागवतातच ना? मग भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना का विचारू नये?

कंपाउंडिंग मंजूर करण्याआधी लगतच्या घरांना लेखी नोटीस द्यावी, हरकतीला 15 दिवस मिळावेत आणि अधिकाऱ्याने जागेवर येऊन, शेजारच्या घरातही शिरून पाहणी करावी, अशी तरतूद शासनाने नियमातच करावी. होळकरांनी बोलावलेल्या नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये इंदूरचा आराखडा दिला, तो इथल्या गल्लीबोळांतून पायी हिंडून. आमच्याकडे तर एकाच खिडकीशी उभं राहायचं आहे. पाहणीला येणाऱ्यांनी कृपया सकाळी साडेसातला यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर