सोळा पैसे किलोमीटर? बॅटरी धरा!

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात विजेच्या सायकलीवरचा लेख वाचला. ‘किलोमीटरला अवघे पंधरा-वीस पैसे’ ही त्यातली चौकट पाहून आमच्या छापखान्यातल्या दोघांनी मला लगेच विचारले, ‘अहो, मग तुमचे तर पैसे कधीच वसूल झाले असतील?’ झालेले नाहीत. मी हिशेब लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे वही आहे आणि वहीत सगळे आहे.

धायरीहून सदाशिव पेठेत येऊन-जाऊन रोजचे वीस किलोमीटर. मुलाची जुनी गिअरची सायकल जिन्याखाली पडून होती. तिच्या मागच्या चाकात ३६ व्होल्ट, २५० वॉटची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) बसवली. मोटरला वीज बेताने सोडणारा कंट्रोलर, वेग देणारी मूठ म्हणजे थ्रॉटल, ब्रेक दाबला की मोटर बंद करणाऱ्या मुठी, असा सगळा संच ७,८०० रुपयांना पडला. सायकल रस्त्यावर आणण्याच्या लायकीची करायला १,८५०. मोटरभोवती चाकाचे आरे नव्याने भरून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढण्याचे ३५०. मोटर जोर लावते तेव्हा आस स्वतःभोवती फिरून फ्रेमची खाच फाडू शकतो, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून एक लोखंडी पट्टी करून घेतली, तिचे १५०. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक वस्तू ती पट्टीच.

चूक बॅटरीत केली. पैसे वाचवायचे म्हणून आधी १२ व्होल्टच्या तीन शिशाच्या बॅटऱ्या ३,९०० रुपयांना आणल्या. वजन बारा किलो. सायकल उचलून पायरी चढवताना घरच्यांचे चेहरे बघण्यासारखे असत. आठ महिन्यांत त्यांनी मान टाकली, कारण रोज चार्ज पार तळापर्यंत उतरवून वापरणे त्यांना सोसत नाही. हे दुकानदाराने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. भंगारवाल्याने ९०० दिले. मग मुकाट्याने ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी घेतली, ११,५०० रुपये. चार्जर ११०० वेगळा. ही अडीच किलोची आहे, रोज हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर येते.

वीस महिन्यांत ७,४०० किलोमीटर झाले. चार्जरच्या प्लगला छोटे मीटर लावले आहे. पूर्ण चार्जला ०.४३ युनिट लागते आणि पेडल मारत गेलो तर त्यात ३२ किलोमीटर निघतात. नुसत्या थ्रॉटलवर गेलो तर बावीस-तेवीसच. शिशाच्या दिवसांची उधळपट्टी धरूनही एकूण वीज ११२ युनिट, म्हणजे सगळे आकार धरून १२ रुपयांनी १,३४४ रुपये. वीस महिन्यांचे! घरातला गीझर एवढे कधी खातो ते मी मुद्दाम पाहिलेले नाही.

लिथियमच्या एका चार्जचे ०.४३ युनिट आणि ३२ किलोमीटर धरले तर वीज किलोमीटरला सोळा पैसे. आपली चौकट खोटी नाही. पण त्याच किलोमीटरला बॅटरी किती झिजली? अशी बॅटरी पाचशे पूर्ण चार्ज नीट चालली असे धरले तर १६,००० किलोमीटर, आणि ११,५०० भागिले तेवढे म्हणजे बहात्तर पैसे. विजेच्या साडेचारपट. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि मागच्या चाकाचे सतत तुटणारे आरे यांवर २,६०० गेले, ते पस्तीस पैसे. बेरीज एक रुपया तेवीस पैसे. माझी स्कूटर शहरात लिटरला ४२ देते, पेट्रोल १०४ च्या आसपास, म्हणजे नुसत्या पेट्रोलचे दोन रुपये अठ्ठेचाळीस. खर्च निम्मा झाला हे खरे, पण ‘अवघे’ हा शब्द काढावा लागेल.

एकूण ताळेबंद असा: खर्च २९,६९४. वाचलेले पेट्रोल आणि टळलेल्या दोन सर्व्हिसिंग मिळून साधारण २१,३००. अजून ८,४०० रुपये येणे आहे, ते याच गतीने दहा महिन्यांत फिटेल. स्कूटर विकली असती तर केव्हाच फिटले असते. पण ती सौ. वापरतात, त्यामुळे तिचा विमा आणि पीयूसी चालूच आहे. दुसरे वाहन घरात ठेवून सायकल केली की बचत अर्धवटच होते, हे कुणी सांगत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यात विजेची सायकलही येते. सुट्या लिथियम बॅटरीवर मात्र १८ टक्के. माझ्या ११,५०० मध्ये कर सुमारे १,७५० रुपयांचा होता. ५ टक्क्यांनी तो ४९० च्या आत बसला असता. फरक साडेबाराशेच्या वर, म्हणजे जवळजवळ माझी वीस महिन्यांची वीज. आणि हा प्रश्न घरी सायकल बनवणाऱ्यांपुरता नाही. तीस हजार मोजून तयार सायकल घेणाऱ्यालाही तीन-चार वर्षांनी हीच सुटी बॅटरी याच दराने घ्यावी लागणार. सवलत एकदाच होणाऱ्या खरेदीला आणि पूर्ण कर वारंवार होणाऱ्या खर्चाला, हे माझ्यासारख्या जमाखर्चवाल्याला उलटे वाटते.

दुसरे, नियमाचे. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर अशी सायकल मोटार वाहन ठरत नाही, नोंदणी नको, परवाना नको. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून मंजूर करायचे असते. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. पण ही व्यवस्था हजारोंनी सायकली काढणाऱ्या कारखान्यासाठी आहे; एकाच सायकलीच्या मालकाने जायचे कुठे? नाक्यावर हवालदाराने विचारले तेव्हा मी मोटरवरचा २५० चा आकडा दाखवला. तो हसला आणि म्हणाला, ‘काका, हळू जा.’ नियम असा कुणाच्या हसण्यावर चालू नये. प्रादेशिक परिवहन कार्यालयात मोटर आणि वेग तपासून शंभर-दोनशे रुपयांत सायकलीवर लावायचा एक स्टिकर दिला, तर हजार वॉटच्या मोटरी लावून फुटपाथवरून उडणारेही आपोआप वेगळे दिसतील.

पुन्हा अशी चौकट छापाल तेव्हा ‘वीज’ या ओळीखाली ‘बॅटरीची झीज’ अशी आणखी एक ओळ कृपया छापावी.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
धायरी, पुणे