खारकर आळीतल्या गवंडीकाकांना

तीर्थस्वरूप काकांना शि. सा. नमस्कार.

नाव छापू नकोस म्हणालात, म्हणून नुसतं काका. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला जे दिलंत ते दारात उभं राहून ‘थँक्यू काका’ म्हणण्यात मावणारं नाही. शिवाय जुनं घर इतकं नीट वाचणारी माणसं आपल्या ठाण्यात अजून आहेत, हे इतरांनाही कळायला हवं.

बंद पडलेल्या इमारती मला शाळेत असल्यापासून ओढतात. चरईतून जाताना कुलूप लावलेल्या वाड्यापाशी पाय रेंगाळायचे आणि मैत्रिणी पुढे निघून जायच्या. मोठेपणी हातात कॅमेरा आला, ओढ तीच राहिली. आईला ती कधी पटली नाही; पडक्या घरांजवळ हिंडू नये, तिन्हीसांजेला तर नाहीच, हे तिचं ठरलेलं. तुमच्या आळीत फोटो काढताना लोक विचारायचे, “यात काय बघतेस?” तुम्ही विचारलंत, “काय काय दिसलं?” त्या एका प्रश्नाबद्दल आधी आभार.

मग समोरच्या वाड्याकडे बोट करून तुम्ही सांगितलंत, घर पडायला कुठून सुरुवात होते ते. एक कौल सरकतं. नांदत्या घरात मृगाआधी कौलं चाळून घेतात, फुटकी बदलतात; बंद घरावर चढणार कोण? पाणी आधी वाशांवर येतं, मग भिंतीच्या माथ्यात मुरतं. चुलीच्या धुरानं लाकडाची कीड लांब राहायची, तोही थांबलेला. काही पावसाळ्यांत आढं मधोमध झुकतं. भिंतीच्या सांध्यात पाखरांनी टाकलेलं पिंपळाचं बी रुजतं, आणि वरून कितीही छाटा, मूळ आत जिवंतच. मी आजवर ज्याला पडझड म्हणत होते, त्यात एवढा क्रम आहे हे मला तिथे उभ्या उभ्या दिसायला लागलं. त्यानंतरचे माझे सगळे फोटो वेगळे आहेत.

हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवायलाही तुम्हीच शिकवलंत. बद्द आवाज आला की गिलावा भिंतीपासून सुटलाय. चुन्याच्या भिंतीवर कुणी सिमेंट थापलेलं दिसलं की तुम्हाला अजून राग येतो. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं, मग भिंत आतून फुगते. आणि स्लॅबच्या इमारतींचं तुम्ही सांगितलंत ते तर मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. खाडीचा खारा वारा, गळती, आतली सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. दर पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक, म्हणजे सी-१ इमारतींची यादी काढते, तेव्हा आता मला नुसती नावं दिसत नाहीत, त्या सळया दिसतात.

पण सगळ्यात मोठं काम तुम्ही केलंत ते किल्लीचं. “कुलूप आहे म्हणजे मालक आहे,” असं म्हणून तुम्ही मला वारसांपैकी एका आजींकडे घेऊन गेलात. घर का बंद पडतं हे त्यांच्या ओट्यावर कळलं. प्रॉपर्टी कार्डावर वाढत गेलेली नावं, कुणी पुण्यात, कुणी परदेशात, सह्या एकत्र येत नाहीत. खालच्या भाडेकरूंचं भाडं जुन्या कायद्यानं गोठलेलं. १९४७ च्या त्या कायद्यात प्रमाण भाड्याचा, म्हणजे मालकाला घेता येईल त्या कमाल भाड्याचा, पाया १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याचा होता. त्या पैशात कौलंसुद्धा चाळून होत नाहीत. मालक वाईट नव्हता, भाडेकरूही वाईट नव्हते. हे कळल्यापासून रिकाम्या घराकडे बघताना मला भुताखेतांच्या गोष्टी सुचत नाहीत, माणसं आठवतात.

आत गेल्यावरही तुम्ही मला घाई करू दिली नाहीत. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आधी खालून बघायचं, तेच पहिलं कुजतं, मगच जिना. माळ्यावर गेलोच नाही आपण, आणि ते बरोबरच होतं. पण खालूनच तुम्ही टॉर्च धरून सुतारानं सांधे जुळवायला कोरलेल्या खुणा दाखवल्यात. पडलेलं एक कौल उलटं करून बासेल मिशनचा, म्हणजे कौलं बनवणाऱ्या मिशनऱ्यांच्या कारखान्याचा, शिक्का दाखवलात, आणि त्यावरचं १८६५ हे साल मंगळूरचा तो कारखाना सुरू झाल्याचं आहे, घराचं नव्हे, हेही तेव्हाच सांगितलंत. देवघराच्या कोनाड्यातली काजळी अजून तशीच होती. तिचा फोटो आजींना दिला, तर त्यांनी तो कितीतरी वेळ हातातच धरून ठेवला.

वागळे इस्टेटचीही दृष्टी तुमचीच. एमआयडीसीची ती पहिली औद्योगिक वसाहत, १९६२ ची. माझं ऑफिस तिथेच एका काचेच्या इमारतीत आहे, आणि शेजारच्या बंद शेडचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर मी रोज बघायचे. काच उत्तरेकडेच का, तर यंत्रावर ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा म्हणून. तशा शेड बांधताना तुम्ही भर उन्हात वीट रचली आहे. आता मी जेवणाच्या सुट्टीत तिकडे बघते तेव्हा ती इमारत माझ्या ओळखीची असते.

ठाण्याचा किल्ला मात्र उभा राहिला. पोर्तुगीजांनी सुरू केला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे तुरुंग झाला. १९१० मध्ये अनंत कान्हेरे तिथेच फाशी गेले. “राबता राहिला म्हणून भिंती राहिल्या,” हे तुमचं म्हणणं मला पटतं, तुरुंगाचा राबता असला तरी.

वाड्याचं आता पुनर्विकासात जायचं ठरलंय, तुम्हाला ठाऊकच आहे. आपण दोऱ्यानं मापं घेतली होती, त्यांचा नकाशा मी स्वच्छ काढून आणलाय. ओसरी, माजघर, परसातली विहीर, सगळं त्यात आहे. एक प्रत आजींना दिली, एक तुमच्यासाठी ठेवली आहे.

आणि एक मागणं. बेलापूरचा किल्ला, जेवढा उरलाय तेवढा, मला तुमच्याबरोबर बघायचा आहे. ठाण्याहून पनवेल लोकल थेट आहे, बेलापूरला उतरून रिक्षा करू, तुमच्या गुडघ्यांना चढ पडणार नाही. काकूंनाही घेऊन या. डबा मी आणते.

तुमची,
चरईतली फोटोवाली