स्पाइक गार्डने भागत नाही

महोदय,

वळवाचे दिवस आले की एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) जळालेले संगणक दुरुस्तीला येऊ लागतात आणि उपाय म्हणून ग्राहकाच्या हाती स्पाइक गार्ड, म्हणजे विजेची उसळी अडवणारा प्लगबोर्ड, दिला जातो. त्यातली एमओव्ही नावाची बटणाएवढी चकती क्षणभराची उसळी तेवढी गिळते. व्होल्टेज खूप चढून तसेच टिकले, तर ती स्वतःच तडकून काळी पडते. स्वस्त बोर्डांत तर ती नसतेच, नुसता लाल दिवा असतो!

मोठे नुकसान होते ते सैल न्यूट्रलमुळे, म्हणजे वीज परत नेणारी तार ढिली झाल्यामुळे. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल खांबावर सुटला की एका घरात १५० आणि शेजारी ३५० व्होल्ट जाऊ शकतात. दिवे अचानक प्रखर झाले तर आधी मेन स्विच पाडावा. मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्यावा. २७०च्या आसपास तो पुरवठा तोडतो आणि व्होल्टेज स्थिरावल्यावरच पुन्हा जोडतो.

प्लगमध्ये मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २०७ ते २५३ व्होल्ट मिळायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये पाचाहून जास्त दिसले तर अर्थिंग आणि न्यूट्रलचे जोड तपासून घ्यावेत.

यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेजचे चढउतार स्वतः सावरणारा, घ्यावा. मात्र ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॉट नव्हेत, बहुधा ३६०च. लेझर प्रिंटर त्यावर चुकूनही लावू नये. त्याचा हीटर चालू होताच यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून बसतो.

– एक वाचक, सांगली