शाळेची फी, मलिदा आणि बाबांसाठी प्रश्न

प्रिय आई आणि बाबा,

शालोम. परवा फोनवर फीचा आकडा सांगितला आणि बाबा तुम्ही एकदम गप्पच झालात, मग आई म्हणाली अगं एवढ्यात तर दरवर्षी ठाण्यात एक वन रूम किचन येईल. येईलच. न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडे ज्यू डे स्कूलची फी एका मुलामागे वर्षाला वीस-तीस हजार डॉलर सहज जाते, आणि आमची दोन. फोनवर नीट सांगता येत नाही, एलिया मधेच फोन हिसकावतो, म्हणून लिहूनच काढते.

आधी पैशाचं संपवते. इथली सरकारी शाळा चांगली आहे आणि फुकट आहे, पण तिथे कुठलाच धर्म शिकवत नाहीत. आणि धर्म शिकवणाऱ्या शाळा पालकांच्या आणि देणगीदारांच्या पैशावरच चालतात, वर एकाच दिवसात दोन शाळा बसवायच्या म्हणजे मास्तरही डबल. निम्मा दिवस गणित, सायन्स, इंग्लिश, निम्मा दिवस हिब्रू, तोरा म्हणजे आपला धर्मग्रंथ, प्रार्थना, सणवार. आम्हाला फीत सवलत मिळते, बऱ्याच जणांना मिळते, फक्त त्याचा फॉर्म भरताना पगाराच्या स्लिपा, घराचं कर्ज, गाडी कुठल्या साली घेतली, सगळं उघडं करावं लागतं. ते मला आवडत नाही, पण भरते.

आता तुमचा खरा प्रश्न, की सिनेगॉग आहे ना, शनिवारी जाता ना, मग शाळा कशाला. बाबा, मला शाळेत कोणी हिब्रू शिकवलं नाही पण शुक्रवारी संध्याकाळी आई काळ्या मनुका भिजत घालून सरबत करायची, तुम्ही त्यावर किद्दुशची प्रार्थना म्हणायचात, घरात आजी होती, शेजारी मावशी, आणि टेंभी नाक्याचं सिनेगॉग चालत जाण्याएवढं. कोणी शिकवायला बसलंच नाही, अंगावर पडत गेलं. इथे आम्ही दोघं नोकरी करणारे, आजी नाही, मावशी नाही, सगळ्यात जवळची बेने इस्राएल, म्हणजे आपल्यासारखी मराठी ज्यू, फॅमिली गाडीने तासभर लांब. ते अंगावर पडणं इथे कोणीतरी टाइमटेबलमध्ये घालावं लागतं. बास, एवढंच आहे.

आणि शिकवतात मात्र छान हं. इलाना आता सहावीत आहे, त्यांच्यात जोडीजोडीने वाचायला बसवतात, त्याला खव्रुता म्हणतात. दोन मुलं, मधे एक पुस्तक, आणि बाई सरळ उत्तर देतच नाहीत. गेल्या आठवड्यात अब्राहामच्या तंबूत तीन पाहुणे येतात तो भाग होता. त्यात लिहिलंय की त्याने पाहुण्यांपुढे लोणी, दूध आणि वासराचं मांस ठेवलं. झालं, इलाना आणि तिची पार्टनर तिथेच अडकल्या, दूध आणि मांस एकत्र तर आपल्यात चालत नाही, मग कसं दिलं? एक म्हणे तेव्हा तोरा मिळालीच नव्हती, दुसरी म्हणे आधी दूध दिलं आणि नंतर मांस, मग दोघी मिळून राशी नावाच्या जुन्या पंडिताची टीका बोट ठेवून ठेवून वाचत बसल्या, ती अक्षरं पण वेगळीच असतात. घरी येऊन मला विचारते, आजी मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घालते, दही नाही, ते यासाठीच का? म्हटलं हो गं बाई, यासाठीच. आई, मी तुझ्या हातचं ते मटण अख्खं लहानपण खाल्लं पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

एलिया पहिलीत आहे. पहिलीत त्यांना स्वतःचा सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, देतात, मोठा कार्यक्रम असतो, मुलं गाणी म्हणतात आणि पालक रडतात. त्याचं कव्हर घरी सजवून द्यायचं असतं. बाकीच्यांनी फेल्टचे तारे, चमकी, नाव असलं काय काय चिकटवलं. मी तुझ्या जुन्या हिरव्या इरकलीचे काठ कापून शिवले (रागावू नकोस, ती मधे फाटलेलीच होती). शिवण वाकडी आलीये, पण तो कोणाला हात लावू देत नाही.

सगळं गोडच आहे असं नाही. पहिल्याच वर्षी एका आईने मला विचारलं, तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात? म्हटलं आमचे पूर्वज अलिबागजवळ नौगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं आमच्यात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे, तर तुम्हीच सांगा कधी झालो. हसली बिचारी, आता चांगली मैत्रीण आहे. पण इतिहासाच्या पुस्तकातही तेच, स्पेन आहे, पोलंड आहे, कोचीनला एक ओळ आहे आणि कोकण नाहीच. मी शाळेत जाऊन म्हटलं मला एक तास द्या. तर म्हणाले या.

मग मी मलिदा केला. त्याची पण गंमत, शाळेत काजू-बदाम चालत नाहीत ॲलर्जीमुळे, बाहेरच्या प्रत्येक पाकिटावर कोशरचा, म्हणजे धर्माच्या नियमात बसतं असा, छाप लागतो, म्हणून इंडियन ग्रोसरीत उभी राहून पोह्यांची पाकिटं उलटीपालटी करत बसले, दुकानदाराला वाटलं एक्स्पायरी डेट बघतेय. शेवटी पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, खजूर आणि फळं एवढ्यावर भागवलं. एलियाहू हन्नाबीचं गाणं लावलं, त्यांना पैगंबर एलिया फक्त पेसाह सणात सेडरच्या जेवणाच्या रात्री दार उघडून ज्याची वाट बघतात तेवढाच माहीत, आपल्याकडे नवस फेडायला, लग्नाला, नव्या घराला सगळीकडे त्याचंच नाव घेतात याचं त्यांना फार नवल वाटलं. पेसाहच्या वेळी पुण्यात १८७४ साली छापलेल्या हिब्रू-मराठी हगादातलं, म्हणजे सेडरला वाचायच्या पुस्तकातलं, चित्र प्रिंट करून दिलं होतं, साड्या नेसलेल्या बायका मात्सा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करतायत ते. ते अजून वर्गाच्या भिंतीवर आहे.

बाकी माणसं धरून आहेत हो इथे. माझ्या ऑपरेशनच्या वेळी वर्गातल्या आयांनी आपसात याद्या करून रोज कोणी ना कोणी जेवण दारात ठेवलं, शेवटी शेवटी लसान्या नको नको झाला पण बोलणार कोणाला. कोणाकडे मयत झालं की तसंच, बाळ झालं की तसंच.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती तुम्हालाच सांगू शकते बाबा. शाळेच्या गेटवर बंदूकवाला गार्ड असतो. २०१८ ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ माणसं मारली, त्यानंतर तर कोणी त्यावर वादच घालत नाही, आणि आपण मुंबईचे, आपल्याला नरिमन हाऊस आठवतं, मी काय वाद घालणार. पण त्या गेटच्या आत सगळी आपलीच मुलं. तुमची माझगावची शाळा पण ज्यूंनीच काढलेली, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ ला इस्राएली मुलांसाठी सुरू केली, पुढे १९३० च्या दशकात सर एली कदूरींचं नाव लागलं, आणि तरी तुमच्या गोष्टींत बाकावर शेजारी मुसलमान मुलगा असतो, पुढे कोणी कोकणातला मराठा. तुमच्या वर्गातली आपली पोरं एकेक करून इस्राएलला गेली आणि शाळा चालू राहिली ती इतरांच्या मुलांवर, आज तर तिथे बहुतेक मुलं मुसलमानच आहेत. इलानाला मुसलमान मैत्रीण नाही. हिंदू आहे ती डान्स क्लासमधली, तेवढीच. म्हणून शनिवारी रात्री शब्बात संपला की आम्ही मुद्दाम शेजारच्यांना बोलावतो, रविवारी फुटबॉल सरकारी शाळेच्या मुलांबरोबर. पुरेसं आहे का ते बघू.

तर आता काम. मे महिन्यात शाळेत ग्रँडपेरेंट्स डे असतो, आजी-आजोबांना वर्गात बसवतात, नातवंडांबरोबर खव्रुतासुद्धा करायला लावतात. विसाची तारीख मिळाली की लगेच कळवा, तिकीट मी काढते. आई, गुडघ्याच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घे, इथे फार महाग पडतात. मनुका आणू नकोस, इथे मिळतात, गव्हाच्या चिकाचा हलवा मात्र कर.

आणि बाबा, इलानाला घराण्याचा इतिहास असा प्रोजेक्ट आहे. तिचे प्रश्न जसेच्या तसे देतेय: इस्राएल मोहल्ल्यातल्या घरात किती जण झोपायचे? हिब्रू कोण शिकवायचं आणि ते मारायचे का? मित्र इस्राएलला गेले तेव्हा तुम्ही का नाही गेलात? आडनावाचं गाव तुम्ही स्वतः बघितलंय का? मराठीत सांगितलं तरी चालेल, मी समजावीन. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवा, बुधवारच्या आत, आणि तिसरा प्रश्न टाळू नका, ती परत विचारेल.

तुमची,
रिव्का