खालच्या काकांना, माझ्या डाव्या पायातर्फे

काका, समोर बसून बोललो असतो तर तुम्ही "चल हट, एवढं काय त्यात" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांदेखत लिहितोय.

बाकीच्यांसाठी सांगतो, मी इंदूरला रामबागेत राहतो, गणपतीत ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो आणि घरी प्रॅक्टिसला एक सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक किट घेतलंय. त्याचं हायहॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांज, रोलँड कंपनीचं व्हीएच-११, खऱ्या स्टँडवर बसतं ते, पाय दाबला की बंद, सोडला की उघडं. माझं मात्र कायम उघडंच! कितीही दाबा, 'टिक्' नाहीच, आपलं 'छ्यँऽऽ'. चार महिने मला वाटत होतं माझाच पाय कच्चा, ग्रुपवालेही तेच म्हणायचे, मी रोज रात्री तासभर नुसती टाच-पंजा करत बसायचो.

आणि त्यामुळेच तुम्ही वर आलात, भांडायला. हेडफोन लावला तरी पेडलचा ठोका स्लॅबमधून थेट तुमच्या देवघरात उतरत होता (सॉरी, खरंच). पण तुम्ही आयुष्यभर रेडिओ-टीव्ही उघडलेले, दारातूनच विचारलंत, "ह्याच्या दोन वायरी कशाला?" म्हटलं एक काठीच्या माराची, दुसरी पाय किती दाबलाय ते सांगणारी. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही पिना डोळ्याजवळ धरल्यात. "हिला काळ्या रिंगा दोन, हिला एकच. ही मोनो आहे रे." बरोबर! पायाच्या जागी दोन रिंगांची स्टीरिओ केबल लागते, तिथे मीच घरातली गिटारची मोनो केबल खुपसली होती. मग तुम्ही मल्टिमीटर आणून बीप वाजवून दाखवलंत, नाहीतर मी मानलंच नसतं.

स्टीरिओ केबल घातल्यावरही अर्धवटच बंद होत होतं, तेव्हा मॅन्युअल मी वाचलं आणि हात तुमचे. थाळीला दांड्यावर धरून ठेवणारा क्लच सैल करून वरची थाळी सेन्सरवर नुसती टेकू दिली, मोड्यूलवरच्या (किटचा आवाज काढणारा डबा) मीटरकडे बघत तुम्ही सेन्सर जुळवायचा ऑफसेटचा स्क्रू फिरवलात, अगदी जुन्या रेडिओवर स्टेशन लावतात तसा, श्वास रोखून. मग थाळी उचलून क्लच आवळला. लॅपटॉपवर मिडीचा (वाद्याचे ठोके आकड्यांत पाठवणारी भाषा) कंट्रोलर ४, म्हणजे पाय किती दाबलाय त्याचा आकडा, लावून बघितला तर आधी एका जागी चिकटलेला आकडा पायाबरोबर सुरसुर सरकतोय. उघड्याला नोट ४६, बंदला ४२, नुसत्या पायाला ४४, तिन्ही वेगवेगळे आले आणि तुम्ही म्हणालात, "पाय चांगला आहे की तुझा."

काका, हे ऐकायला चार महिने लागले मला.

आता किटखाली जाड रबर आणि त्यावर तुम्ही दिलेली सतरंजी आहे, तरी ठोका येत असेल तर बिनधास्त छताला काठी मारा. मल्टिमीटर अजून माझ्याकडेच राहिलाय, रविवारी पोह्यांबरोबर आणून देतो, काकूंसाठी पोह्यांवर भुरभुरवायचा जीरावन मसाला वेगळा बांधून.