नाव जुळले म्हणून पूर्वज ठरत नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला वंशावळशोधावरचा लेख वाचला. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पूर्वजाचे नाव संकेतस्थळावर टाकायचे, मिळतील त्या नोंदी एकाखाली एक जोडायच्या आणि सोळाव्या शतकापर्यंत पोचायचे, असे त्यात सुचवले आहे. पुणे, देवळाली, मुंबईतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत आणि ब्रिटनमध्ये सोयरीक जुळलेल्या मराठी घरांतही असा शोध घेणारे आहेत. त्यांनी हा सल्ला जसाच्या तसा मानला, तर दुसऱ्याच कुणाचे खापरपणजोबा त्यांच्या भिंतीवर लागतील.

राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने नोंदवावीत. पहिल्या नोंदी बहुधा कागदावर होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्राच्या वहीत उतरवायला सांगितले, आणि त्यातही विशेषतः राणी एलिझाबेथ गादीवर आल्यापासूनच्या, म्हणजे १५५८ नंतरच्या. पाद्र्यांनी त्या ‘विशेषतः’चा सोयीचा अर्थ घेतला, म्हणून कितीतरी गावांच्या वह्या १५५८ पासूनच सुरू होतात.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत घराणे एका जागी सापडते, कारण आलेला यजमान स्वतः आपली पिढी सांगतो. पॅरिशच्या वहीत घराणे नसते, त्या दिवशीचा विधी असतो. ‘जॉन, थॉमसचा मुलगा, बाप्तिस्मा’ एवढ्यावर ओळ संपते. आईचे नाव नसणे नेहमीचेच, तिचे माहेरचे आडनाव तर क्वचितच. जन्मतारीखही धरून चालता येत नाही, कारण कधी काही दिवसांनी तर कधी तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकदम उरकलेला असतो.

म्हणून सुरुवात जवळच्या काळापासून करून मागे जायचे. १ जुलै १८३७ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. तिच्यातल्या विवाहाच्या दाखल्यावर वधूवरांच्या वडिलांची नावे आणि व्यवसाय असतात, जन्मदाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते. त्यानंतर १८५१ ची जनगणना, कारण तिच्यात जन्माचे गाव लिहिलेले असते. १८४१ च्या जनगणनेत गाव नाही, ‘याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म का, हो की नाही’ असे आहे आणि पंधरा वर्षांवरची वये पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. त्यात २५ लिहिलेला माणूस २९ वर्षांचाही असू शकतो. हा फरक ध्यानात न घेता जन्मवर्ष ठरवले की शोध चुकीच्या वहीतच सुरू होतो.

पॅरिशच्या वह्यांत १८१३ पासून छापील तक्ते आले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचा व्यवसाय, दफनाच्या नोंदीत वय आणि राहण्याचे ठिकाण. त्यामागे १७५४ पर्यंत लग्नांचाच आधार चांगला. त्या वर्षीपासून लग्नाची वही वेगळी झाली, वधूवरांच्या सह्या किंवा फुल्या आणि दोन साक्षीदार आले. साक्षीदार नातेवाईकच असेल असे मात्र धरू नका. तेच नाव पानोपानी दिसत असेल, तर तो त्या चर्चचा कारकून. ‘या पॅरिशचा’ म्हणजे तिथे जन्मलेला असेही नाही, लग्नाच्या वेळी तिथे राहणारा एवढाच त्याचा अर्थ. शेतमजूर दरवर्षी मालक बदलत, त्यामुळे दहा-पंधरा मैलांच्या परिघातल्या सगळ्या पॅरिशी पाहाव्या लागतात. लग्न बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्माही अनेकदा तिच्याच माहेरी.

खरा घोळ एका नावाच्या अनेक माणसांनी होतो. तीनशे-चारशे वस्तीच्या गावात एकाच वेळी तीन विल्यम बेकर असतात, कारण नावे मोजकीच आणि आजोबांचे नाव नातवाला द्यायची रीत. योग्य वर्षी योग्य नावाचा बाप्तिस्मा मिळाला की लोक थांबतात. खरे तर काम तिथे सुरू होते. त्या मुलाचे दफन पुढच्या पंधरावीस वर्षांत झाले आहे का, ते आधी पाहायचे. लहानपणी मेलेल्या मुलाचे नाव पुढच्या भावंडाला देत, त्यामुळे एकाच आईवडिलांच्या घरी दोन विल्यमही मिळतात. मग शेजारच्या पॅरिशींत त्याच नावाचा आणखी कुणी आहे का, ते पाहायचे. शेवटी आईवडिलांचे लग्न आणि सगळ्या मुलांच्या तारखा एका कागदावर मांडायच्या. दोन-अडीच वर्षांच्या अंतराने मुले येत असतील आणि मध्येच चार महिन्यांवर एक मूल बसवावे लागत असेल, तर दोन कुटुंबांची सरमिसळ झाली असण्याचा संशय घ्यावा. उरलेल्या उमेदवारांना एकेक करून बाद करता आले, तरच राहिलेला आपला.

तारखांचे एक वेगळेच प्रकरण आहे. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले. एप्रिल १७३५ मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७३५ मध्ये बाप्तिस्मा दिसला की लोक कुजबुजतात, पण तो फेब्रुवारी लग्नानंतरचा, आपल्या हिशेबाने १७३६ चा. टिपणात तो १७३५/३६ असाच लिहावा. १७३३ पूर्वीच्या वह्यांत लॅटिनही भेटते. याकोबुस म्हणजे बहुतेक वेळा जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. शब्द पन्नासच्या आतबाहेरच लागतात, भीती बाळगण्याचे कारण नाही. जुने वळणदार अक्षर अधिक छळते. त्यासाठी त्याच पाद्र्याच्या हातची ओळखीची नावे शोधून अक्षरे जुळवावीत.

वह्यांत भगदाडेही आहेत. सर्वांत मोठे १६४२ च्या इंग्लंडमधल्या यादवी युद्धापासून १६६० पर्यंतचे. १६५३ नंतर नोंदी सरकारी अधिकाऱ्याकडे गेल्या आणि काही काळ बाप्तिस्म्याऐवजी जन्म लिहिले गेले. १७८३ ते १७९४ दरम्यान प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, कंगालांना तो माफ असे. म्हणून त्या काळात नावापुढे ‘कंगाल’ दिसले तर ते लगेच खरे मानू नये. सरकारमान्य ‘चर्च ऑफ इंग्लंड’बाहेरच्या ख्रिस्ती पंथांचे बाप्तिस्मे या वह्यांत सहसा नसतात. त्यांच्या अनेक वह्या १८३७ नंतर सरकारजमा झाल्या आणि आता लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मूळ वही फाटली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकलेत हरवलेले पान मिळू शकते. दोन्ही असतील तर दोन्ही वाचावीत, कधी नकलेत जास्तीचा तपशील सापडतो. यॉर्कशरमध्ये विल्यम डेड या पाद्र्याच्या पद्धतीने १८१२ पर्यंत लिहिलेल्या काही वह्यांत आजीआजोबांची नावेही आहेत. ज्याचे गाव त्यात निघाले, तो भाग्यवान.

नोंदी संपल्या तर पॅरिशच्या पेटीतली इतर कागदपत्रे पाहावीत. १६६२ च्या कायद्यानंतर गरीब माणसाचा भार कुठल्या पॅरिशने सोसायचा, यावर वाद होत. त्या चौकशीत मजुराने जन्म कुठे झाला, कुणाकडे चाकरी केली, बायकोमुले किती, हे जबानीत सांगितलेले असते. अनौरस मुलाच्या पोटगीसाठी बापाकडून घेतलेले बंधपत्र हा तर बाप्तिस्म्याच्या वहीत न लिहिलेल्या बापाचा पुरावाच. गरिबाचे चरित्र श्रीमंताच्या मृत्युपत्रापेक्षा इथे जास्त सापडते, हे अनेकांना ठाऊक नसते.

आपल्याकडून शोध सुरू करणाऱ्यांची अडचण निराळी. खडकीत किंवा अहमदनगरला पुरलेल्या सैनिकाचे इंग्लंडमधले गाव ठाऊक नसते. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात ‘एन/३’ या मालिकेत आहेत. दफनाच्या नोंदीत सहसा पलटण आणि वय मिळते, गाव नाही. सैनिक पेन्शनवर सुटला असेल तर क्यूमधल्या सुटकेच्या कागदांत जन्माची पॅरिश मिळते. नोकरीतच वारला असेल तर मात्र ते कागद नसतात आणि पलटणीच्या हजेरीपटांकडे वळावे लागते.

फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग या दोन विनामूल्य संकेतस्थळांपासून आरंभ करायला हरकत नाही. पण तिथली यादी कुणीतरी वाचून टंकलेली असते, म्हणून मूळ पानाचे छायाचित्र किंवा काउंटीच्या अभिलेखागारातली प्रत पाहिल्याशिवाय नोंद पक्की धरू नये. शिवाय कोणत्या पॅरिशची कोणती वर्षे तिथे चढवली आहेत, हे आधी तपासावे. वही चढवलीच नसेल तर ‘नोंद सापडली नाही’ याला काही अर्थ राहत नाही. पुढच्या लेखात निदान ही एक सूचना छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे